जुनेराचा हिशेब

घरांतील जुन्या वस्तूंचें काय करावें हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. हा प्रश्न गृहिणीचा, फार तर रद्दीवाल्याचा. त्यांत सदसद्विवेकाचा संबंध तो काय, असें आम्हांसही अगदीं अलीकडेपर्यंत वाटत होतें. परंतु आमच्या मुलुंडच्या गृहसंस्थेंत असा एक प्रसंग घडला कीं, त्यांत आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलेलें मत चुकीचें ठरलें, आणि तें कां चुकलें हें उमगण्यास आम्हांस दोन वर्षें लागलीं. कॉलेजांत तीस वर्षें मुलांना हेत्वाभास शिकविणाऱ्या माणसास स्वतःच्या दाराशीं उभा असलेला हेत्वाभास दिसूं नये, ही गोष्ट थोडी लाजिरवाणी खरीच. पण ती सांगितल्याशिवाय पुढील विवेचनास आधार राहणार नाहीं.

जुन्या वस्तू पुन्हा वापराव्या याचें जें समर्थन हल्लीं सर्वत्र ऐकूं येतें, तें प्रथम मान्य करून बाजूस ठेवूं. मुंबईनें आपला कचरा उपनगरांच्या वेशीवर नेऊन टाकण्याची वहिवाट फार जुनी आहे. देवनारची जागा १९२७ पासून हें ओझें वाहत आली. जानेवारी २०१६ मध्यें तेथें आग लागली, तेव्हां त्या धुरानें आपण टाकलेलें कोठें जातें याची आठवण शहराला कांहीं दिवस तरी राहिली. बोरिवलीजवळील गोराईची क्षेपणभूमि २००७ मध्यें बंद झाली, आणि आमच्या मुलुंडची, सुमारें २४ हेक्टरांची, २०१८ मध्यें. त्या वेळीं आम्ही मुलुंडकरांनीं सुटकेचा निश्वास टाकला हें खरें. पण एक जागा बंद झाल्यानें कचरा नाहींसा होत नाहीं, तो शेजाऱ्याच्या दारीं जातो. म्हणून जें कापड आणखी चार वर्षें कोणाच्या अंगावर राहील, जें कपाट आणखी एका संसारांत उभें राहील, तें तितका काळ खाडीकांठच्या ढिगावर जात नाहीं, हा समाजाचा लाभ उघड आहे. त्याविषयीं वाद नाहीं. आमची तक्रार इतकीच कीं, या हिशेबांत टन आहेत, हेक्टर आहेत, पण माणूस कोठें नाहीं. वस्तू एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते तेव्हां त्या दोन हातांमध्यें काय घडतें, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं निम्म्यांस ‘बोहारीण’ हा शब्द आतां ठाऊक नसतो. त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यांत नवीं भांडीं देणारी ती बोहारीण. मुंबईंत व उपनगरांत हा व्यवसाय मुख्यत्वें गुजरातेंतून आलेल्या एका समाजाच्या स्त्रिया करीत आल्या. पूर्वीं त्यांस वाघरी म्हणत, तें नांव हेटाळणीनें घेतलें जाई म्हणून त्यांतील पुष्कळांनीं देवीपूजक हें नांव पत्करलें. आमच्या जुन्या चार मजली इमारतींत दुपारीं दोनच्या सुमारास, पुरुष कामावर आणि मुलें शाळेंत असतां, जिन्यांत “भांडीऽऽ” अशी हांक येई. डोक्यावर टोपलींत टोप, पराती, डबे, पाठीवर गांठोडें. ती उंबऱ्याबाहेर बसे आणि आमच्या मातोश्री उंबऱ्याआंत पाट घेऊन बसत. मग जो तास-दीड तास चाले, त्याला व्यापार म्हणावें, वादविवाद म्हणावें कीं दुपारची करमणूक म्हणावें, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

“मावशी, येवढ्यात टोप नाय परवडत. एक जरीची टाका.”

“जरीची कुठची आणूं? ही पँट बघ कीं. चेनसुद्धां शाबूत आहे.”

“चेन शाबूत हाय, पण मागं बघा ना. बसून बसून पातळ झाली. मास्तर हाय का कोण घरात?”

ही पँट आमचीच असे. शिक्षकाचा धंदा विजारीच्या बैठकीवरून ओळखणारी ती बाई आमच्या कित्येक सहकाऱ्यांपेक्षां चांगली निरीक्षक होती, असें आम्हांस आज वाटतें. प्रत्येक कापड ती उजेडाकडे धरी, आंगठ्यानें चोळी, कॉलर उलटून पाही, शिवण ताणून पाही. तिच्यापुढें घराचा सारा मोठेपणा गळून पडे. कापड किती दिवस टिकेल आणि तें कोण घेईल, एवढेंच तिला कर्तव्य. कारण पुढील सारी साखळी तिच्या डोळ्यांपुढें उभी असे: टिकाऊ विजारी आणि शर्ट धुवून, रफू करून, इस्त्री करून मजुरांच्या वस्तींत विकावयाचे, खऱ्या जरीच्या साड्या जर जाळून चांदी काढणाऱ्याकडे द्यावयाच्या, जें सुती कापड कशालाच उरलें नाहीं त्याची चिंधी यंत्रें पुसण्यासाठीं कारखान्यांत जावयाची. लूसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें दिल्लींतील याच धंद्याचा अभ्यास करून २०१० मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथें रघुबीरनगरांत पहाटे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. आपल्या जिन्यांत चाललेली घासाघीस ही एवढ्या मोठ्या उलाढालीची पहिली पायरी आहे, याची आमच्या मातोश्रींस कल्पना नव्हती. पण ती घासाघीस आहे, भिक्षा नव्हे, याची मात्र त्यांस पक्की जाणीव होती. बोहारीण परत जातांना त्या तिला पाणी देत, कधीं चहा देत. परंतु कपडा फुकट कधींही दिला नाहीं. आम्हांस तेव्हां हा कंजूषपणा वाटे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमची इमारत पुनर्विकासांत पडली आणि तिच्या जागीं बावीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला. पहिल्याच सभेंत ठराव आला कीं, फेरीवाले, रद्दीवाले आणि बोहारणी यांस फाटकाच्या आंत प्रवेश नसावा. आम्हीं हात वर केला. मन थोडें खटकलें, म्हणून त्याच सभेंत आम्हीं एक सूचना केली कीं, जुन्या कपड्यांसाठीं तळमजल्यावर एक पेटी ठेवावी आणि ती भरली म्हणजे एखाद्या सेवाभावी संस्थेकडे पाठवावी. टाळ्या पडल्या. पेटीवर लावावयाची पाटी आम्हींच लिहिली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आमचा युक्तिवाद असा होता कीं, बोहारणीशीं व्यवहार करतांना आपण जुन्या कपड्याचाही मोबदला वसूल करतों. पेटींत टाकतांना कांहींच घेत नाहीं. म्हणून पेटी ही नीतीच्या दृष्टीनें एक पायरी वर आहे. हाच तो हेत्वाभास.

पेटी पहिल्यांदा भरली तेव्हां ती उपसून पाहण्याचें काम आमच्याकडे आलें, सूचना आमची होती म्हणून. तींत काय निघालें तें सांगतों. हळदीचे डाग पडलेला फ्रॉक. एका पायाचा बूट. अंतर्वस्त्रें. न धुतलेल्या चादरी. फुटलेली खेळण्यांतील मोटार, जी कपड्यांत कशी आली कोण जाणे. आणि तळाशीं एक निळा शर्ट, ज्याला बटनें नव्हतीं. हा शर्ट आम्हीं ओळखला. त्याचीं बटनें उपयोगी पडतील म्हणून आमच्याच घरीं काढून ठेवलीं होतीं. तीं शिवणाच्या डब्यांत आजही आहेत. बोहारणीपुढें तो शर्ट टाकण्याचें धैर्य आमच्या घरांत कोणास झालें नसतें. ती हंसली असती. पेटी हंसत नाहीं. आणि जो माणूस टेम्पो घेऊन पोतीं नेण्यास आला, त्यानेंही तीं उघडून पाहिलीं नाहींत. जें मिळेल तें घेऊन जाणें एवढेंच त्याचें काम होतें.

येथें आम्हांस कठोपनिषदांतील नचिकेत्याच्या बापाची आठवण झाली. त्यानें सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणा म्हणून ब्राह्मणांपुढें ज्या गाई उभ्या केल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. मृत्यु आणि आत्मा यांविषयींचा तो सारा गहन संवाद एका मुलाच्या अवघडलेपणांतून सुरू होतो, हें आपण विसरतों. बाप निरुपयोगी वस्तू देऊन पुण्य घेत आहे हें मुलाला दिसलें. बापाला दिसलें नाहीं. आम्ही वर्गांत हें उपनिषद अनेकदां समजावून सांगितलें आहे, आणि प्रत्येक वेळीं आमची सहानुभूति अर्थातच मुलाकडे असे.

तेव्हां बोहारणींत आणि पेटींत फरक कोणता? आमच्या मतें तो एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द ‘नको’ हा होय. बोहारणीला नको म्हणतां येत होतें. ज्याला नको म्हणतां येतें त्याच्याशीं आपण बरोबरीनें बोलतों, आपली वस्तू आपण स्वतः तपासून मग त्याच्यापुढें ठेवतों, आणि त्यानें घेतली तर ती खरोखरच कोणाच्या उपयोगाची आहे अशी खात्री आपणांस मिळते. ज्याला नको म्हणतां येत नाहीं, त्याच्या दारीं आपण वस्तू देत नाहीं, टाकतों. मार्सेल मॉस या फ्रेंच पंडितानें १९२५ मध्यें दानावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचा एक निष्कर्ष असा कीं, ज्याची परतफेड होऊं शकत नाहीं असें दान घेणाऱ्याला खालीं ढकलतें. आमच्या मातोश्रींनीं मॉस वाचला नव्हता; पण फुकट न देण्यांत तिची आब राखली जाते, हें त्यांस कळत असावें. आमचा ‘कंजूषपणा’ हा शब्द आम्ही आज मागें घेतों.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्यानें सांगण्याची गरज पडूं नये. आमच्या गांवगाड्यांत प्रेतावरील वस्त्र हा महारांचा हक्क मानला जाई. हक्क म्हणावयाचें आणि द्यावयाचें तें दुसऱ्यानें टाकलेलें. अशा हक्कानें माणूस बांधला जातो. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्त्रियांपुढें जें भाषण केलें, त्यांत त्यांनीं नेसण्यावर इतका भर कां दिला हें यावरून ध्यानांत येईल. लुगड्याला ठिगळें असलीं तरी चालतील, तें स्वच्छ असावें, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या वस्त्राला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो वस्त्रावरून माणसाची पायरी ठरविण्याला.

याच्या उलट टोकाचें एक उदाहरण बौद्धांच्या विनयपिटकांत आहे, आणि तें आम्हां उपनगरवासीयांस विशेष जवळचें वाटावें. मुलुंडच्या पश्चिमेस जी डोंगरांची रांग दिसते तिच्या पलीकडील बाजूस, बोरिवलीच्या अंगाला, कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. तेथील लेखांत भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं केलेल्या दानांचे उल्लेख आहेत. नाशिकच्या लेण्यांत तर नहपानाचा जांवई उषवदात यानें वस्त्रांचा चोख हिशेबच कोरून ठेवला आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची ठेव, दरमहा शेंकडा एक व्याज, आणि त्यांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण. अशा रीतीनें मिळालेल्या वस्त्राचें पुढें काय व्हावें, हें विनयपिटकांतील आनंदाच्या गोष्टींत आलें आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं आनंदास पांचशें वस्त्रें दिलीं. राजाला संशय आला कीं, हा भिक्षु दुकान मांडतो कीं काय! त्यानें विचारलें, एवढीं वस्त्रें काय कराल? ज्यांचीं विरलीं आहेत त्यांना वांटूं. मग त्या विरलेल्यांचें काय? पलंगपोस करूं. जुन्या पलंगपोसांचें? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचें? जमिनीवरील अंथरणें, त्यांचीं पुढें पायपुसणीं, त्यांचे पुढें केर झटकण्याचे फडके, आणि फडकेही संपले म्हणजे त्यांच्या चिंध्या मातींत मळून जमीन लिंपण्यास. राजानें संतुष्ट होऊन आणखी पांचशें वस्त्रें दिलीं.

काटकसरीची गोष्ट म्हणून ही कथा पुष्कळ सांगितली जाते. आमचें लक्ष दुसरीकडे वेधतें. वस्त्राची पायरी सहा वेळां उतरली, माणसाची एकदांही उतरली नाहीं. नवें चीवर अंगावर घेणारा भिक्षु आणि पायपुसण्याला पाय पुसणारा भिक्षु हे एकाच विहारांतले, एकाच पंक्तीचे. आमच्या घरांत मात्र साडीची पायरी उतरली कीं, ती आपोआप पायरी ‘उतरलेल्या’ माणसाकडे जाते: प्रथम धाकट्या जावेकडे, मग मोलकरणीकडे, मग पेटींत. फक्त गोधडींत ही उतरंड मोडते. आजीचें लुगडें, बापाचें धोतर आणि मुलाचा सदरा एकत्र शिवले जातात, आणि ती गोधडी घरांतील सर्वांत लहान व लाडक्या जीवाच्या अंगावर पडते. अंगावर गोधडी घेऊन हिंडणाऱ्या गाडगे महाराजांस लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, आणि तें नांव आदरानेंच घेत.

आमच्या या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, बोहारणीचें आम्ही कोडकौतुक करीत आहों. उन्हांत चार मजले चढणें, डोक्यावर ओझें, दिवसाकाठीं हातीं येणारा तुटपुंजा नफा; हिला बरोबरी म्हणणें हा सुखवस्तु माणसाचा विनोद नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ती उंबऱ्याबाहेर बसे आणि आमच्या मातोश्री आंत, हें आम्हीं वर लिहिलेंच आहे. तो उंबरा कोणत्याही टोपानें भरून निघाला नव्हता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तिच्या हातीं जी एक गोष्ट होती, नको म्हणण्याची, ती आम्हीं ठराव करून काढून घेतली आणि त्याला दान असें नांव दिलें. तिच्या पायांचे कष्ट कमी झाले नाहींत. तिचा धंदा गेला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्याच्याजवळ देण्यास कांहींच नाहीं, त्याचें काय? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्यांचीं बिऱ्हाडें त्या पाण्यांत गेलीं त्यांच्याशीं घासाघीस करावयाची काय? अर्थात् नाहीं. पण अशा वेळींही देण्याची रीत असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर साऱ्या देशांतून इतके निरुपयोगी कपडे येऊन पडले कीं, रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग लागले. कोळ्यांच्या बायकांस न नेसतां येणारीं वस्त्रें तेथें कोणास हवीं होतीं? त्या ढिगांतील कपडे वेंचून उपयोगास लावण्याचें काम ज्या ‘गूंज’ संस्थेनें केलें, ती अंशु गुप्ता यांनीं १९९९ मध्यें दिल्लींत स्थापिली, आणि २०१५ मध्यें त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. गूंजच्या कामांतील आम्हांस पटलेली गोष्ट अशी कीं, गांवकरी आपल्या गांवाला काय हवें तें स्वतः ठरवितात, विहीर खणतात, रस्ता करतात, आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घेतात. जुन्या कपड्याला तेथें पुन्हा किंमत आली, आणि घेणाऱ्याची मान वर राहिली. उपाय परिपूर्ण आहे असें नव्हे. श्रमाचें मोल कपड्यांत मोजावें कां, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. पण पेटीपेक्षां तो निश्चित बरा.

आणि नको म्हणण्याचा हा प्रश्न माणसांपुरता राहत नाहीं, राष्ट्रांपर्यंत जातो. पाश्चात्य देशांत धर्मादाय म्हणून दिलेले कपडे गांठोड्यांनीं आफ्रिकेंत विकले जातात. घानामध्यें त्यांस जें नांव आहे त्याचा अर्थ ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ असा होतो. पूर्व आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं २०१६ मध्यें ठरविलें कीं, आपले शिंपी व गिरण्या जगाव्या म्हणून ही आयात क्रमाक्रमानें बंद करावी. अमेरिकेनें व्यापारी सवलती काढून घेण्याचा धाक घातला. बाकीचीं राष्ट्रें मागें हटलीं, रवांडा एकटा हटला नाहीं, आणि २०१८ मध्यें त्याच्या कपड्यांवरील सवलत स्थगित झाली. दान नको म्हटल्याबद्दल दंड! आमच्या मनोऱ्यांतील पेटी याहून फार निराळी नव्हती, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

गेल्या वार्षिक सभेंत आम्हीं आमचाच जुना ठराव बदलण्याची सूचना मांडली: महिन्यांतून एका गुरुवारीं दुपारीं दोन ते पांच बोहारणीस तळमजल्यावर बसूं द्यावें. सुरक्षिततेवर बरीच चर्चा झाली. एका तरुण सभासदानें विचारलें कीं, भांडें हवेंच असेल तर घरबसल्या मागवितां येतें, मग ही जुनी तऱ्हा कशाला? त्यास आम्हीं दिलेलें उत्तर लांबलें, हें आम्हांस मान्य आहे. अखेर तीन मतांनीं सूचना पार पडली.

आमची जुनी बोहारीण स्टेशनाजवळ बसते असें पहारेकऱ्याकडून कळलें. ती आली, आतां तिच्याबरोबर सून होती आणि टोपली सुनेच्या डोक्यावर होती. आमच्या पत्नीनें तीन साड्या आणि दोन विजारी पुढें ठेवल्या. साड्यांपैकीं दोन घेतल्या गेल्या. आम्हीं मोठ्या उमेदीनें आमचा कोट आणला. पहिली नोकरी लागली तेव्हां शिवलेला, लोकरी, अस्तरासकट शाबूत. बाईनें तो उजेडाकडे धरला, खांदे पाहिले, खिसे उलटे केले, आणि घडी करून परत आमच्या हातांत दिला.

“नको साहेब. कापड चांगलं हाय. पण मुंबईत कोट कोण घालतो? नुसतं वजन.”

साड्यांच्या बदल्यांत एक स्टीलचा डबा मिळाला. त्याचें झांकण सैल होतें; तें पत्नीनें दाखविलें, सुनेनें नाकारलें, सासूनें हलवून पाहिलें आणि मान्य केलें. झांकण बदलून मिळालें. कोट कपाटांत आहे.